चार क्षेत्रे, तीन समीकरणे आणि महालनोबीसांचा एक आकडा

अनेक मोठ्या कंपन्यांच्या वित्त विभागांत आता वार्षिक अंदाजपत्रक बिझनेस इंटेलिजन्स सॉफ्टवेअरमध्ये बांधले जाते. एका बाजूला विभाग, दुसऱ्या बाजूला महिने किंवा वर्षे. मधल्या काही घरांत माणसाने आकडा भरायचा आणि उरलेली घरे यंत्राने सूत्रानुसार भरून काढायची. कोणते घर माणसाच्या हाती ठेवायचे आणि कोणते सूत्राच्या, हे ठरवणे हीच नियोजनाचे प्रतिमान उभारण्यातील अवघड गोष्ट. असा संगणक भारतात येण्याच्या आधी हाच प्रश्न साऱ्या देशाच्या जमाखर्चासाठी सोडवू पाहणारे गृहस्थ म्हणजे प्रशांतचंद्र महालनोबीस. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला त्यांचेच नाव चिकटले, आणि त्या योजनेचे श्रेय व अपश्रेयही.

महालनोबीस यांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कोलकात्यातील एका ब्राह्मो कुटुंबात झाला. शिक्षण पदार्थविज्ञानाचे. प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन ते १९१३ मध्ये इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. श्रीनिवास रामानुजन यांच्याशी त्यांचा तेथेच स्नेह जडला. मायदेशी परतण्याच्या सुमारास एका अध्यापकाने 'बायोमेट्रिका' या नियतकालिकाकडे त्यांचे लक्ष वेधले. महालनोबीसांनी त्याचे सारे अंक विकत घेतले आणि बोटीवरच वाचायला सुरुवात केली. पदार्थविज्ञानाच्या या प्राध्यापकाला संख्याशास्त्राने गाठले ते असे. पुढील अनेक वर्षे प्रेसिडेन्सीमध्ये पदार्थविज्ञान शिकवता शिकवताच ते हा दुसरा संसार करीत राहिले. याच काळात रवींद्रनाथ ठाकुरांच्या विश्वभारतीचे संयुक्त चिटणीसपदही त्यांनी सांभाळले.

त्यांच्या विचाराची घडण पाहायची, तर योजना आयोगापेक्षा पुरांकडे आधी पाहावे लागते. १९२६ मध्ये ओरिसात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचे पात्र गाळाने वर आले आहे, तेव्हा बांध उंच करावेत, असे अभियंत्यांचे मत पडले. महालनोबीसांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि पात्र वर आल्याचे त्यांत कोठेच दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. पूर वरच्या खोऱ्यातील अतिवृष्टीचा होता, म्हणजे उपायही वरच्या बाजूलाच शोधायला हवा होता. डोळ्यांना दिसते त्यावर न विसंबता जुन्या नोंदींना प्रश्न विचारण्याची ही सवय त्यांना जन्मभर पुरली.

डिसेंबर १९३१ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजच्या एका खोलीत भारतीय संख्याशास्त्र संस्थेचा पाया घातला गेला. पहिल्या वर्षीचा सारा खर्च अडीचशे रुपयांच्या आत होता. १९३३ मध्ये 'सांख्य' हे नियतकालिक सुरू झाले. १९३६ च्या शोधनिबंधातून 'महालनोबीस अंतर' ही संकल्पना जगभर पोचली. त्याच सुमारास बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज घेण्याचे काम संस्थेकडे आले. प्रत्येक शेत मोजण्याऐवजी यदृच्छेने निवडलेली शेते काळजीपूर्वक मोजावीत, म्हणजे खर्च कमी आणि उत्तर अधिक विश्वासार्ह, हे त्यांनी प्रत्यक्षात करून दाखवले. एकाच भागाची पाहणी दोन स्वतंत्र चमूंकडून करवून घेऊन त्यांच्या उत्तरांतील तफावत तपासण्याची त्यांची पद्धत मात्र खऱ्या अर्थाने त्यांची स्वतःची. गणकही चुकतो, आणि ती चूकही मोजता आली पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व होते.

अर्थात सगळ्यांनाच ते पटले असे नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे हे कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्रज्ञ होते. पिकाच्या कापणीसाठी महालनोबीस वापरीत असलेले छोटे वर्तुळाकार तुकडे उत्पन्नाचा आकडा फुगवतात, असा सुखात्म्यांचा आक्षेप होता. वाद बरीच वर्षे चालला आणि तो सौम्य मुळीच नव्हता. परिषदेच्या पाहण्यांत मोठ्या तुकड्यांचीच पद्धत रूढ झाली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये महालनोबीस केंद्रीय मंत्रिमंडळाचे सन्माननीय संख्याशास्त्रीय सल्लागार झाले. त्याच वर्षी नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे ते अध्यक्ष. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि तिच्या पहिल्या फेरीतील काही गावांचे काम गोखले संस्थेने केले. प्रतिमानाच्या आधी आकडे हवेत, हा क्रम महालनोबीसांनी पाळला होता, याची आठवण त्यांचे टीकाकार क्वचितच ठेवतात.

१९५३ मध्ये त्यांनी 'सांख्य'मध्ये दोन क्षेत्रांचे प्रतिमान मांडले. यंत्रे बनवणारी यंत्रे आज अधिक घडवली, तर काही वर्षे उपभोगाच्या वस्तू तुटपुंज्या राहतील, पण पुढे वाढीचा वेग चढत जाईल, असा त्याचा आशय. सोव्हिएत अर्थशास्त्रज्ञ फेल्डमन यांनी १९२८ मध्ये असेच काही मांडले होते. महालनोबीस स्वतंत्रपणे तेथे पोचले. नोव्हेंबर १९५४ मध्ये पंतप्रधान नेहरू यांनी संस्थेतील नियोजनविषयक अभ्यासाचे उद्घाटन केले. रॅग्नर फ्रिश, यान टिनबर्गन, ऑस्कर लांगे, शार्ल बेतलेम असे परदेशी अर्थशास्त्रज्ञ त्या काळात बारानगरच्या आवारात येऊन गेले. मार्च १९५५ मध्ये दुसऱ्या योजनेचा आराखडा सरकारपुढे ठेवला गेला. त्याच्या मागे चार क्षेत्रांचे प्रतिमान होते.

ते प्रतिमान एका कागदावर मावेल इतके लहान होते. पहिले क्षेत्र यंत्रसामग्रीचे, दुसरे कारखान्यातील उपभोग्य वस्तूंचे, तिसरे शेती व घरगुती उद्योगांचे, चौथे सेवांचे. प्रत्येक क्षेत्रासाठी दोन आकडे गृहीत धरले होते: गुंतवलेल्या रुपयामागे उत्पन्न किती वाढते आणि एका माणसाला काम देण्यास किती भांडवल लागते. यंत्रसामग्रीत रुपयामागे २० पैसे आणि माणशी २०,००० रुपये. शेती व घरगुती उद्योगांत रुपयामागे सव्वा रुपया आणि माणशी अवघे २,५०० रुपये. कारखान्यांसाठी ०.३५ व ८,७५०, तर सेवांसाठी ०.४५ व ३,७५०. उद्दिष्टे तीन होती. पाच वर्षांत एकूण गुंतवणूक ५,६०० कोटी, उत्पन्नात वर्षाला ५ टक्के वाढ आणि १ कोटी १० लाख लोकांना नवे काम.

समीकरणे तीन, अज्ञात चार. एक अज्ञात बाहेरून भरल्याशिवाय कोडे सुटणार नव्हते. महालनोबीसांनी तेथे यंत्रसामग्रीचा वाटा एकतृतीयांश असा भरला. मग बाकीचे आपोआप आले: यंत्रसामग्रीला सुमारे १,८५० कोटी, कारखान्यांना ९८०, शेती व घरगुती उद्योगांना १,१८०, सेवांना १,६०० कोटी. यासाठी संगणकाची गरजच नव्हती. इंग्लंडहून आणलेले एचईसी-२एम हे यंत्र संस्थेत १९५६ मध्ये चालू झाले आणि सोव्हिएत संघाचे 'उराल' त्यानंतर आले. दुसऱ्या योजनेचा कणा कागद-पेन्सिलीने सोडवलेला होता.

या एकतृतीयांशात सगळी योजना साठवली होती. भिलाई, राउरकेला, दुर्गापूरचे पोलाद त्यातूनच उभे राहिले. पण वरचे आकडे कोणीही पुन्हा पाहावेत: तिसऱ्या क्षेत्रात उत्पन्नही सर्वाधिक वाढते आणि रोजगारही सर्वांत स्वस्त पडतो. त्याच आकड्यांवर दुसरी वाटणी केली, तर उत्पन्न आणि रोजगार दोन्ही अधिक मिळतात, असे जपानी अर्थशास्त्रज्ञ र्‍यूतारो कोमिया यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. एकतृतीयांशाचे समर्थन या चार ओळींत नव्हतेच. ते होते १९५३ च्या दीर्घकालीन प्रतिमानात. पाच वर्षांच्या तक्त्यात पंधरा-वीस वर्षांची आकांक्षा एका आकड्याच्या रूपाने आणून बसवली होती, आणि तक्ता वाचणाऱ्या सामान्य माणसाला हे कळण्याचा मार्ग नव्हता. महालनोबीसांवर दोष ठेवायचाच, तर तो येथे ठेवावा लागेल.

त्या वेळीही विरोध झाला. बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये तुटीच्या अर्थभरण्याविरुद्ध भिन्नमतपत्रिका लिहिली. मुंबईत सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी अन्नवस्त्रासारख्या मजुरांच्या गरजेच्या वस्तू आधी वाढवाव्यात, असा पर्यायी विचार १९५६ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे संख्याशास्त्र संस्थेचे अध्यक्षही होते. आराखड्याला दिल्लीत मिळालेले वजन त्याविना समजत नाही. मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले, तेव्हा योजना नुकतीच सुरू झाली होती.

फटका बसला तो मात्र ज्या घराची तक्त्यात आखणीच झाली नव्हती तेथून. चार क्षेत्रांत परकीय व्यापाराला जागा नव्हती. निर्यात फारशी वाढणार नाही, म्हणून यंत्रे देशातच घडवावीत, हा युक्तिवाद. पण ती घडवणारे कारखाने उभे करण्यासाठी लागणारी यंत्रसामग्री आधी परदेशातूनच आणावी लागणार होती. १९५७ मध्ये परकीय चलनाचा साठा झपाट्याने आटला. १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने मदत देणाऱ्या देशांचा गट उभा राहिला आणि योजनेच्या खर्चाला कात्री लागली. धान्याची टंचाई होतीच. अमेरिकेशी धान्याचा करार १९५६ मध्येच करावा लागला होता.

प्रतिमानात न मावलेला आणखी एक प्रश्न म्हणजे वाढलेले उत्पन्न कोणाच्या पदरात पडले हा. १९६० मध्ये सरकारने त्यासाठी समिती नेमली आणि अध्यक्षपदी महालनोबीस यांनाच बसवले. आर्थिक सत्तेचे केंद्रीकरण झाल्याचे तिच्या १९६४ च्या अहवालात नमूद आहे. स्वतःच्या योजनेचा ताळेबंद तपासण्याचे काम त्यांनी टाळले नाही, ही नोंद त्यांच्या टीकाकारांनीही करावी अशी आहे.

१९६७ मध्ये ते नियोजन आयोगातून निवृत्त झाले. त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळ आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्रीय मदत वाटण्याचे जे सूत्र गाडगीळांच्या नावाने ओळखले जाते, त्यात लोकसंख्येला ६० टक्के वजन आणि उरलेल्या चार निकषांना प्रत्येकी १० टक्के, असे सगळे आकडे उघडपणे मांडलेले होते.

पद्मविभूषण किताब महालनोबीस यांना १९६८ मध्ये मिळाला. २८ जून १९७२ रोजी, ७९ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांचे निधन झाले. २००७ पासून २९ जून हा दिवस देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. नियोजन आयोगाच्या जागी २०१५ मध्ये नीती आयोग आला. त्यांनी सुरू केलेल्या नमुना पाहणीच्या फेऱ्या मात्र थांबल्या नाहीत. कुटुंबांच्या उपभोगखर्चाची पाहणी २०२२-२३ मध्ये आणि लगेच २०२३-२४ मध्येही झाली.