आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे

फ्रीडरिश विल्हेल्म एर्न्स्ट आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे (जन्म : २२ मे १८२८, बर्लिन, मृत्यू : २० जुलै १८७०, बर्लिन) हे जर्मन नेत्रवैद्य होते. काचबिंदूवरील पहिली परिणामकारक शस्त्रक्रिया, मोतीबिंदू काढण्याची अधिक सुरक्षित पद्धत आणि रोगनिदानासाठी नेत्रदर्शकाचा नियमित वापर यांमुळे त्यांची गणना आधुनिक नेत्रवैद्यकाच्या संस्थापकांत होते. अंधत्व ही एकच आपत्ती नसून ते अनेक निरनिराळ्या रोगांचे फलित आहे आणि त्यांपैकी काही रोग वेळीच ओळखल्यास दृष्टी वाचवता येते, ही जाणीव वैद्यकात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

कुटुंब आणि बालपण

आल्ब्रेख्ट यांचे वडील कार्ल फेर्डिनांड फॉन ग्रेफे हे बर्लिन विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक आणि नामांकित शल्यविशारद होते. तुटलेले नाक पुन्हा घडवण्याच्या शस्त्रक्रियेवर त्यांनी १८१८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी कपाळावरील त्वचा वापरण्याच्या भारतीय पद्धतीचाही विचार केला आहे. पुण्याजवळ झालेल्या अशा एका शस्त्रक्रियेचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापला गेला होता आणि त्यानंतर ही पद्धत युरोपातील शल्यचिकित्सकांना परिचित झाली होती.

हॅनोव्हरच्या युवराजाच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करण्यासाठी कार्ल यांना १८४० मध्ये पाचारण करण्यात आले. त्या मुक्कामातच त्यांचे आकस्मिक निधन झाले. त्या वेळी आल्ब्रेख्ट बारा वर्षांचे होते.

शिक्षण आणि प्रवास

बर्लिनच्या फ्रेंच विद्यालयात शिकत असताना आल्ब्रेख्ट यांना गणिताची विशेष गोडी होती. पुढे बर्लिन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८४७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर त्यांनी काही वर्षे युरोपातील प्रमुख वैद्यकीय केंद्रांत अध्ययन केले. प्राग येथे फेर्डिनांड आर्ल्ट यांच्या सहवासात त्यांचा ओढा नेत्रवैद्यकाकडे वळला. पॅरिसमध्ये त्यांनी झिशेल व देमार यांचे, तर व्हिएन्नात येगर पिता-पुत्रांचे काम जवळून पाहिले. १८५१ मध्ये लंडन येथे विल्यम बोमन आणि डच शास्त्रज्ञ फ्रान्सिस्कुस डोंडर्स यांच्याशी त्यांची ओळख झाली. या दोघांशी त्यांची मैत्री अखेरपर्यंत टिकली.

तत्कालीन नेत्रवैद्यक

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक ठिकाणी नेत्रवैद्यक हा शल्यचिकित्सेचाच एक उपविभाग समजला जात असे. डोळ्यांच्या गंभीर रोगांना जर्मन भाषेत रंगांवरून नावे होती. करडा रोग म्हणजे मोतीबिंदू आणि हिरवा रोग म्हणजे काचबिंदू. ज्या रुग्णाची दृष्टी गेली आहे, पण डोळ्यात बाहेरून काहीच दोष दिसत नाही, त्याला काळा रोग झाला आहे असे म्हणत. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया होत असे. काचबिंदू असाध्य मानला जाई. काळा रोग हे तर निदान नव्हतेच; ती वैद्याच्या अज्ञानाची कबुली होती.

जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन नसणे, हे या अज्ञानाचे मुख्य कारण होते. बाहुलीतून आत पाहू जाता पाहणाऱ्याचेच डोके प्रकाशाच्या आड येते आणि बाहुली काळी दिसते. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी ही अडचण सोडवून तयार केलेल्या नेत्रदर्शकाचे वर्णन १८५१ मध्ये प्रसिद्ध केले. या उपकरणामुळे दृष्टिपटल, त्यावरील रक्तवाहिन्या आणि दृष्टिचेतेचे डोळ्यातील टोक प्रत्यक्ष दिसू लागले. ग्रेफे यांनी ते उपकरण विनाविलंब स्वीकारले. काळ्या रोगाच्या एका नावाखाली झाकलेले अनेक रोग वेगवेगळे ओळखणे, हे त्यांचे पुढील कार्य ठरले.

बर्लिनमधील रुग्णालय

प्रवासाहून परतल्यावर ग्रेफे यांनी बर्लिनमध्ये स्वतःचे नेत्ररुग्णालय सुरू केले. तेथे गरीब रुग्णांवर विनामूल्य उपचार होत. अल्पावधीतच युरोपच्या निरनिराळ्या भागांतून रुग्ण येऊ लागले आणि त्यांच्यामागून शिकण्यासाठी तरुण डॉक्टरही येऊ लागले. रुग्णांची संख्या मोठी असल्याने एकाच रोगाची अनेक रूपे व निरनिराळ्या अवस्था शेजारी शेजारी पाहणे शक्य झाले. ग्रेफे यांच्या संशोधनाचा पाया हा रुग्णसमुदायच होता.

काचबिंदू

डोळ्यात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो आणि डोळ्याच्या पुढील भागातील कोनातून तो बाहेर जात असतो. हा निचरा अडला की डोळ्यातील दाब वाढतो आणि दृष्टिचेतेची हानी होते. काचबिंदूच्या तीव्र प्रकारात डोळा लाल होतो, असह्य वेदना होतात, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात आणि थोड्याच काळात दृष्टी जाऊ शकते. संथ प्रकारात वेदना बहुधा नसतात. दृष्टीचे क्षेत्र कडेकडून आकुंचित होत जाते आणि रुग्णाच्या ध्यानात येईपर्यंत बरेच नुकसान झालेले असते.

नेत्रदर्शकातून काचबिंदूचे डोळे पाहताना दृष्टिचेतेचे टोक फुगून वर आले आहे, असा ग्रेफे यांचा प्रथम समज झाला होता. वस्तुतः वाढलेल्या दाबामुळे तेथे खळगा पडलेला असतो. नव्या उपकरणातून दिसणाऱ्या प्रतिमेत उंचवटा आणि खोलगटपणा यांत गल्लत होणे सोपे होते. वर्षभरातच त्यांनी आपले मत बदलले. हाइन्रिश म्यूलर यांनी शवविच्छेदनातून केलेल्या अभ्यासाने या खळग्याला पुष्टी मिळाली.

दाब हेच रोगाचे मर्म आहे अशी खात्री पटल्यावर तो कमी करण्याचे उपाय त्यांनी शोधले. डोळ्याला छिद्र पाडून द्रव बाहेर काढल्यास आराम पडे, पण तो टिकत नसे. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा, म्हणजे परितारिकेचा, छोटा भाग कापण्याची शस्त्रक्रिया अन्य नेत्ररोगांत केली जात असे. त्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याचा ताठरपणा कमी होतो, हे त्यांनी हेरले होते. तीच शस्त्रक्रिया त्यांनी काचबिंदूच्या रुग्णांवर केली. तीव्र प्रकारात वेदना शमल्या, दाब उतरला आणि अनेकांची दृष्टी वाचली. १८५७ मध्ये ब्रुसेल्स येथील आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्यक परिषदेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. असाध्य समजल्या जाणाऱ्या रोगावर प्रथमच परिणामकारक उपाय हाती आला.

या उपायाच्या मर्यादाही ग्रेफे यांनी नोंदवल्या. संथ काचबिंदूत शस्त्रक्रियेचा गुण अनिश्चित होता आणि गेलेली दृष्टी परत येत नव्हती. म्हणून उपचार लवकर होण्यावर त्यांचा भर होता. शस्त्रक्रियेने दाब का उतरतो, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. तीव्र प्रकारात बाहुलीपाशी अडलेल्या द्रवाला कापलेल्या जागेतून नवी वाट मिळते. आज त्याच तत्त्वावर लेझर किरणांनी परितारिकेत सूक्ष्म छिद्र पाडले जाते.

मोतीबिंदू

मोतीबिंदूत डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होते. गढूळ झालेले भिंग बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्समधील झाक दाव्हिएल यांनी अठराव्या शतकात रूढ केली होती. तीत डोळ्यापुढील पारपटलाला मोठा अर्धवर्तुळाकार छेद द्यावा लागे. एवढी जखम टाके न घालता भरून यावी लागे आणि तीत पू झाल्यास डोळा गमवावा लागे. ग्रेफे यांनी अरुंद पात्याची सुरी तयार केली आणि पारपटलाच्या वरच्या कडेला शक्य तितका सरळ छेद घेऊन भिंग काढण्याची पद्धत १८६० च्या दशकाच्या मध्यास मांडली. जखमेच्या कडा नीट जुळत असल्याने डोळा गमावण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत रूढ होण्यापूर्वीचा हा काळ होता, हे लक्षात घेता या सुधारणेचे मोल कळते. ग्रेफे यांच्या नावाने ओळखली जाणारी ही सुरी पुढे अनेक दशके वापरात होती.

अन्य नेत्रविकार

तिरळेपणावरील पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्येच योहान डीफेनबाख यांनी १८३९ मध्ये केली होती. तीत डोळ्याचा स्नायू पूर्ण तोडला जात असल्याने कित्येकदा डोळा विरुद्ध दिशेला वळे. स्नायू डोळ्याला जेथे चिकटतो तेथेच तो सोडवून मोजक्या अंतराने मागे सरकू द्यावा, अशी सुधारणा ग्रेफे यांनी केली.

एका डोळ्याची दृष्टी क्षणार्धात जाण्याचे एक कारण त्यांनी १८५९ मध्ये दाखवून दिले. हृदयविकार असलेल्या रुग्णात रक्तप्रवाहाबरोबर आलेली गाठ दृष्टिपटलाच्या मुख्य रोहिणीत अडकली होती. मेंदूच्या विकारांत दोन्ही डोळ्यांतील दृष्टिचेतेच्या टोकाला सूज येते, हे त्यांनी १८६० मध्ये मांडले. त्यामुळे डोळ्याची तपासणी मेंदूतील गाठीच्या निदानासही साहाय्यक ठरू लागली. गलग्रंथीच्या एका विकारात रुग्ण खाली पाहू लागला असता वरची पापणी डोळ्याबरोबर खाली येत नाही, मागे रेंगाळते. १८६४ मध्ये त्यांनी वर्णिलेले हे लक्षण ग्रेफे यांच्याच नावाने ओळखले जाते. दृष्टिक्षेत्राचे मोजमाप नेहमीच्या तपासणीत आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

अध्यापन आणि संस्थात्मक कार्य

केवळ नेत्रवैद्यकाला वाहिलेले एक नियतकालिक ग्रेफे यांनी १८५४ मध्ये सुरू केले. पुढे आर्ल्ट व डोंडर्स हे त्याचे सहसंपादक झाले. हे नियतकालिक ग्रेफे यांचे नाव धारण करून आजही प्रसिद्ध होते. १८५७ पासून हायडेलबर्ग येथे त्यांच्या पुढाकाराने नेत्रवैद्यांचे संमेलन भरू लागले आणि त्यातून जर्मन नेत्रवैद्यक संस्था आकारास आली. कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो, हा कार्ल कोलर यांचा शोध १८८४ मध्ये याच संस्थेच्या संमेलनात प्रथम जाहीर झाला.

बर्लिन विद्यापीठात ग्रेफे १८५७ मध्ये सहयोगी आणि १८६६ मध्ये पूर्ण प्राध्यापक झाले. १८६८ मध्ये त्यांच्याकडे शारिते रुग्णालयाच्या नेत्रविभागाची सूत्रे आली. झुरिकचे योहान फ्रीडरिश हॉर्नर, टेओडोर लेबर आणि यूलिउस हिर्शबेर्ग हे त्यांच्या प्रमुख शिष्यांपैकी होत.

आजारपण आणि मृत्यू

१८६१ मध्ये ग्रेफे यांना फुप्फुसाच्या आवरणाचा गंभीर दाह झाला. त्यातून ते वाचले, परंतु प्रकृती पूर्ववत झाली नाही. १८६२ मध्ये डॅनिश उमराव घराण्यातील आन्ना क्नुथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. काचबिंदू आणि मोतीबिंदूवरील त्यांचे नंतरचे बरेच लेखन व शस्त्रक्रिया या आजारपणाच्या काळातील आहेत. क्षयरोग बळावत असतानाही त्यांनी रुग्णसेवा थांबवली नाही. २० जुलै १८७० रोजी, जर्मनी व फ्रान्स यांच्यातील युद्धाला तोंड लागले असताना, बर्लिन येथे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी आन्ना यांचाही मृत्यू झाला.

स्मारक आणि वारसा

शारिते रुग्णालयाच्या आवाराच्या कडेला १८८२ मध्ये ग्रेफे यांचे स्मारक उभारण्यात आले. शिल्पकार रुडोल्फ झीमेरिंग यांनी घडवलेल्या पुतळ्याच्या हाती नेत्रदर्शक आहे. दोन्ही बाजूंच्या रंगीत शिल्पपट्टांत उपचारासाठी येणारे आणि दृष्टी लाभलेले रुग्ण दिसतात. जर्मन नेत्रवैद्यक संस्थेने ग्रेफे यांच्या नावाने सुवर्णपदक सुरू केले. त्याचे पहिले मानकरी १८८६ मध्ये हेल्महोल्ट्झ ठरले. ज्यांच्या उपकरणाने ग्रेफे यांना डोळ्याचे अंतरंग दिसले, त्यांनाच हा सन्मान मिळाला.

ग्रेफे यांच्या बहुतेक शस्त्रक्रियांची जागा आता नव्या पद्धतींनी घेतली आहे. मोतीबिंदू काढल्यावर कृत्रिम भिंग बसवले जाते आणि काचबिंदूत औषधी थेंबांनी दाब आटोक्यात ठेवला जातो. तथापि त्यांनी अधोरेखित केलेला भेद आजही तसाच आहे. मोतीबिंदूने मंदावलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत मिळत नाही. काचबिंदूच्या बाबतीत वेळेवर झालेली तपासणी हाच आजही दृष्टी वाचवण्याचा मुख्य मार्ग आहे.