प्रकाशलहरींचा पुरस्कर्ता : थॉमस यंग

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील बारावी विज्ञान शाखेचे विद्यार्थी प्रकाशाच्या व्यतिकरणाची जी गणिते सोडवतात, त्यांचे जनकत्व थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरकडे जाते.

१७७३ मध्ये मिल्व्हर्टन येथे जन्मलेल्या यंग यांनी वैद्यकीचा व्यवसाय पत्करला. ओढा मात्र प्रकाशाच्या अभ्यासाकडे होता. प्रकाश म्हणजे कणांचा प्रवाह, हे न्यूटन यांचे मत त्या काळी प्रमाण मानले जाई. १८०३ मध्ये यंग यांनी सूर्यप्रकाशाच्या बारीक झोतात जाड कागदाची अरुंद पट्टी धरली. तिच्या सावलीत पट्टे उमटले. एका बाजूचा प्रकाश अडवताच ते नाहीसे झाले. दोन्ही बाजूंच्या लहरी एकमेकींत मिसळत असल्याचा हा पुरावा होता.

न्यूटन यांना आव्हान देणाऱ्या यंग यांच्यावर ‘एडिंबरो रिव्ह्यू’ने जहरी टीका केली. त्यांच्या उत्तरादाखलच्या पुस्तिकेची एकच प्रत खपल्याचे सांगतात. पुढे फ्रान्सच्या फ्रेनेल यांनी लहरसिद्धांताला भक्कम गणिती आधार दिला. १८२९ मध्ये यंग निवर्तले.

फटींमधील अंतर १ मिलिमीटर, पडदा १ मीटरवर आणि तरंगलांबी ६०० नॅनोमीटर असल्यास पट्ट्याची रुंदी ०.६ मिलिमीटर येते. आज दोन ओळींत सुटणाऱ्या या गणितामागील विचारासाठी यंग यांना आपली प्रतिष्ठा पणाला लावावी लागली होती.