गाडगेबाबांचा खराटा

भंडारा हे नगर पितळेच्या भांड्यांसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तांब्याचा काठ चिरला किंवा परातीला भोक पडले, तर ती वस्तू कोणी उकिरड्यावर टाकीत नाही. ती मोडीत जाते, तिचे वजन होते, आणि भट्टीत वितळलेले ते जुने पितळ नव्या भांड्याच्या रूपाने पुन्हा कोणाच्या तरी घरी येते. पितळेला मोल आहे म्हणून त्याची एवढी बूज राखली जाते. मातीचे गाडगे फुटले, तर मात्र त्याची खापरे खुशाल रस्त्याच्या कडेला भिरकावली जातात. अशाच एका फुटक्या गाडग्याला विदर्भातील एका थोर पुरुषाने मस्तकी धारण केले, आणि पुढे सारा महाराष्ट्र त्यांना त्या गाडग्याच्या नावानेच ओळखू लागला.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लोकांचे मळके कपडे धुऊन देणे हा त्या घराचा पिढीजात व्यवसाय. मद्याच्या व्यसनाने वडिलांचा अकाली अंत झाला आणि आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन दापुरे या गावी आपल्या माहेरी आली. तेथे डेबूने मामाची गुरे राखली, नांगर धरला, शेतात घाम गाळला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. परंतु ज्याला वाचता येत नाही, त्याचे शेत सावकाराच्या कागदात कसे अडकते, हे त्याला मामाच्या घरीच दिसले. पुढे त्याचे लग्न झाले, मुले झाली. तरीही मन प्रपंचात रमेना. १ फेब्रुवारी १९०५ रोजी एकोणतीस वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्या डेबूजींनी घर सोडले.

त्यांचा वेष मोठा विलक्षण होता. निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या जोडून केलेले वस्त्र अंगावर, एका कानात कवडी, तर दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा. हातात खराटा आणि डोक्यावर ते गाडगे. भाकरी मिळाली की तेच गाडगे त्यांचे ताट होई आणि तहान लागली की तेच पाण्याचे पात्र. कोणी त्यांना गोधडेबुवा म्हणे, कोणी चिंधेबुवा. नीट पाहिले, तर त्यांच्या अंगावर लोकांनी टाकून न दिलेली अशी एकही वस्तू नव्हती. जे गावाने टाकले, ते या माणसाने वापरात आणले.

गावात शिरताच ते कोणाच्या ओसरीवर जाऊन बसत नसत. थेट रस्ता झाडू लागत. गटारे उपसत, केर एका जागी गोळा करीत. प्रथम लोकांना हा कोणी वेडा वाटे. मुले मागे लागत, मोठी माणसे हसत. झाडणे हे काम गावाने काही ठरावीक जातींच्या माथी मारलेले होते. ते काम कोणी न सांगता, मोबदला न घेता हा परका माणूस आपण होऊन करीत आहे, हे पाहणाऱ्याला अस्वस्थ करणारे होते. हळूहळू एखादा तरुण पुढे होई, मग दुसरा. आयते झाडून देणे हा बाबांचा हेतूच नव्हता. ज्याच्या दारातला केर त्याचा हात त्याला लागावा, एवढ्यासाठीच त्यांचा खराटा चाले.

रात्री त्यांचे कीर्तन होई. स्वतः निरक्षर असूनही ते श्रोत्यांना साध्या वऱ्हाडी बोलीत प्रश्नांमागून प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण करू नये, दारूला शिवू नये, देवापुढे मुका जीव मारू नये, माणसाला माणसाचा विटाळ मानू नये, मुलांना शाळेत घालावे, हेच त्यांचे सांगणे. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. गोरगरिबांसाठी सदावर्ते चालली. स्वतःसाठी मात्र त्यांनी घर बांधले नाही. ते कोणाला पाया पडू देत नसत आणि आपला कोणी शिष्य आहे असेही मानीत नसत. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. ज्यांचे आयुष्य वाटेवर गेले, त्यांना मरणही वाटेवरच आले.

सन २०००-०१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावोगावी लोकांनी खराटे हाती घेतले, शोषखड्डे खणले. काही गावांनी ती शिस्त पुढेही पाळली. काही गावे मात्र तपासणी समितीची पाठ फिरताच पूर्ववत झाली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बाबांची तसबीर आणि त्याच भिंतीमागे कचऱ्याचा ढीग, असेही दृश्य दिसते. तसबिरीला हार घालणे सोपे असते.

२०१६ साली केंद्र शासनाच्या घनकचरा नियमांनी कचऱ्याची पहिली निवड प्रत्येक घरावरच सोपविली. भाजीची देठे, सालपटे, उरलेले अन्न हा ओला कचरा. कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक हा सुका. जुनी औषधे, विजेरीचे सेल, रंगाचे डबे हा घातक. त्या नियमांनुसार ही तिन्ही निराळी ठेवून घंटागाडीत द्यावयाची होती. रस्त्यात टाकावयाची नाहीत, जाळावयाचीही नाहीत. यात कारण आहे. कालवणात भिजलेल्या कागदाचा पुन्हा कागद होत नाही, आणि ओल्या कचऱ्यात पडलेली काच तो निवडणाऱ्याच्या बोटात शिरते.

भंडारा जिल्ह्यातील खेड्यांत हे अधिकच ध्यानी घ्यावे लागते. कारण तेथे घरामागचा उकिरडा हेच शेताचे खत. पूर्वी त्यात शेण, राख आणि पालापाचोळाच पडत असे. आता त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि फुटक्या बाटल्याही पडतात. पावसाळ्यापूर्वी ते खत गाडीतून धानाच्या बांधीत जाते. शेणाची माती होते, पाल्याचीही होते. काच तशीच राहते, आणि रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकून उभ्या असलेल्या एखाद्या बाईच्या अनवाणी पायात घुसते. बांगडीचा तसाच एक तुकडा बाबांनी उचलून आपल्या कानात घातला होता.