अग्नर क्रारुप एर्लांग

अग्नर क्रारुप एर्लांग (१ जानेवारी १८७८ – ३ फेब्रुवारी १९२९) हे डॅनिश गणितज्ञ व अभियंता होते. दूरध्वनी केंद्रांत येणाऱ्या संभाषणांच्या गर्दीचा संभाव्यताशास्त्राच्या आधारे अभ्यास करून त्यांनी रांगेचे गणित, म्हणजेच प्रतीक्षा सिद्धांत, या शाखेचा पाया घातला. दूरध्वनी वाहतुकीचे परिमाण मोजण्याच्या एककाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. आजच्या संगणक जाळ्यांतील स्विच माहितीचे तुकडे कसे थोपवून धरतो, कोणते आधी सोडतो आणि कोणते टाकून देतो, हे समजून घेताना त्यांनी मांडलेल्या कल्पनांपासूनच सुरुवात करावी लागते.

बालपण आणि शिक्षण

एर्लांग यांचा जन्म डेन्मार्कच्या जटलंड भागात तार्मजवळच्या लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील हान्स निल्सन एर्लांग हे गावातील शाळेचे मुख्याध्यापक व चर्चचे कारकून होते. आई माग्डालेन क्रारुप यांचे माहेर धर्मोपदेशकांच्या घराण्यातले. याच घराण्याच्या पूर्वजांत सोळाव्या-सतराव्या शतकांतील गणितज्ञ थॉमस फिंक यांची गणना होते. त्रिकोणमितीतील स्पर्शिका व छेदिका या गुणोत्तरांना आज युरोपात रूढ असलेली नावे त्यांनीच दिली. अग्नर यांना फ्रेडरिक हा थोरला भाऊ आणि मारी व इंगेबोर्ग या दोन धाकट्या बहिणी होत्या. भाऊ पुस्तक वाचत बसला की हा त्याच्या समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचत असे, अशी आठवण चरित्रांतून आढळते. आकाशातील ताऱ्यांचेही त्यांना लहानपणापासून वेड होते.

प्राथमिक शिक्षण वडिलांच्या शाळेत झाल्यावर वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, वयाच्या अटीतून खास सवलत मिळवून, त्यांनी कोपनहेगन येथे पूर्वपरीक्षा दिली व ती विशेष गुणवत्तेसह उत्तीर्ण केली. नंतरची दोन वर्षे ते वडिलांच्याच शाळेत साहाय्यक शिक्षक होते. त्या काळात त्यांनी फ्रेंच व लॅटिन भाषांचाही अभ्यास केला. १८९६ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाले आणि १९०१ मध्ये गणित हा मुख्य व खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र हे दुय्यम विषय घेऊन पदव्युत्तर पदवीधर झाले.

यानंतर सात वर्षे त्यांनी निरनिराळ्या शाळांत अध्यापन केले. चरित्रलेखक ही सात वर्षे एखाद्या वाक्यात उरकतात. तथापि याच काळात त्यांचे गणिताचे वाचन चालू होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. हायगेन्स यांनी अनंतसूक्ष्म राशींचे प्रश्न कसे सोडवले, या विषयावर त्यांनी १९०४ मध्ये लिहिलेल्या निबंधाची विद्यापीठाने गौरवाने दखल घेतली.

कोपनहेगन टेलिफोन कंपनी

डॅनिश गणितज्ञांच्या मंडळाच्या बैठकांना एर्लांग नियमित जात. तेथे त्यांची योहान येन्सन यांच्याशी ओळख झाली. येन्सन हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता. गणित हा त्यांचा फावल्या वेळेतील छंद होता, तरी बहिर्वक्र फलांविषयीची त्यांची असमता आजही पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते. कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक योहानसेन यांनी दूरध्वनी केंद्राच्या कारभारात संभाव्यताशास्त्राचा उपयोग करण्याचा प्रयत्न आधीच केला होता. येन्सन यांच्या आग्रहामुळे १९०८ मध्ये एर्लांग कंपनीत रुजू झाले व पुढे तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. अखेरपर्यंत त्यांनी दुसरी नोकरी केली नाही.

प्रयोगशाळा हे नाव भारदस्त असले तरी आरंभी त्यांच्या हाताखाली माणसे नव्हती. जमिनीखालील तारांमध्ये भटके विद्युतप्रवाह किती शिरतात, याची मोजमापे त्यांना स्वतःच घ्यावी लागत. शिडी वाहून नेणारा एक कामगार बरोबर घेऊन रस्त्यावरच्या भुयारी खड्ड्यांत उतरणारा हा गणितज्ञ कोपनहेगनच्या नागरिकांच्या परिचयाचा झाला होता.

त्या वेळचा मूळ प्रश्न असा होता. ग्राहकाने फोन उचलला की केंद्रातील ऑपरेटर बाई त्याची तार हाताने दुसऱ्या तारेला जोडून देई. तारा व ऑपरेटर कमी ठेवले तर ग्राहक खोळंबतात आणि कामावरच्या बायकांची दमछाक होते; जास्त ठेवले तर पैसा वाया जातो. नेमक्या किती तारा पुरेशा, याचे उत्तर तोवर अनुभवाने आणि अंदाजाने दिले जात होते. ग्राहकांची मर्जी आणि कंपनीची तिजोरी, दोन्ही या उत्तरावर अवलंबून होती.

१९०९ आणि १९१७ चे निबंध

१९०९ मध्ये एर्लांग यांनी संभाव्यतेचा सिद्धांत व दूरध्वनी संभाषणे या विषयावरील आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. हजारो ग्राहक एकमेकांना न विचारता, स्वतंत्रपणे फोन करतात. अशा वेळी ठरावीक अवधीत येणाऱ्या फोनांची संख्या पॉयसाँ वितरणाचा नियम पाळते, असे त्यांनी दाखवले. प्रत्येक संभाषणाचा कालावधी सारखाच धरल्यास एका ऑपरेटरपाशी किती वेळ थांबावे लागेल, याचेही गणित त्यात होते.

१९१७ चा निबंध हा त्यांच्या कार्याचा कळस मानला जातो. स्वयंचलित दूरध्वनी केंद्रांच्या संदर्भात त्यांनी येथे दोन निराळ्या परिस्थिती वेगळ्या काढल्या. पहिलीत, सर्व तारा व्यग्र असताना आलेला फोन परत पाठवला जातो, म्हणजे तो गमावला जातो. दुसरीत, तो रांगेत थांबतो. दोन्हींसाठी त्यांनी स्वतंत्र सूत्रे दिली. वरवर पाहता हा भेद साधा वाटतो, परंतु सर्व पुढचे शास्त्र त्यावरच उभे आहे.

पहिल्या सूत्राचे सामर्थ्य एका काल्पनिक उदाहरणावरून कळते. भंडारा जिल्ह्यातील पवनी या वैनगंगाकाठच्या तालुक्याच्या गावातून बाहेर जाणाऱ्या ट्रंक लायनींवर सरासरी एका वेळी एक संभाषण चालू राहील इतकी मागणी आहे, असे समजू. याला एक एर्लांग भार म्हणतात. सरासरी एकच संभाषण, तर एक लाईन पुरेल, असे कोणालाही वाटेल. सूत्र मात्र सांगते की एकच लाईन ठेवल्यास निम्मे फोन परत जातील. दोन लायनी ठेवल्या तर पाचांतील एक, तीन ठेवल्या तर सोळांतील एक, चार ठेवल्या तर पासष्टांतील एक आणि पाच ठेवल्या तर तीनशे सव्वीसांतील एक फोन परत जाईल. शंभरात एकाहून कमी फोन परत जावेत अशी अपेक्षा असेल, तर एक एर्लांग भाराला पाच लायनी लागतात. उलट नागपूरसारख्या मोठ्या शहरात दसपट, म्हणजे दहा एर्लांग भार असेल तर पन्नास नव्हे, अठराच लायनी पुरतात. मोठ्या समुदायात एकाची गर्दी दुसऱ्याच्या सवडीने भरून निघते. लहान गावाला तेवढ्याच दर्जाची सेवा देणे दरडोई महाग का पडते, याचे कारण यात आहे; त्यात कोणाची हेळसांड असतेच असे नाही.

एर्लांग यांची लेखनशैली अतिशय आटोपशीर होती. अनेक ठिकाणी निष्कर्ष दिलेला, पण सिद्धता गाळलेली असे. इतकी वर्षे वर्गात शिकवलेल्या माणसाने वाचकाला पायऱ्या दाखवू नयेत, हे थोडे विचित्रच. तरीही त्यांच्या सूत्रांचा प्रसार थांबला नाही. ब्रिटिश पोस्ट खात्याने ती आपल्या केंद्रांच्या आखणीसाठी स्वीकारली, आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील एका संशोधकाने हे निबंध मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश भाषा शिकून घेतली, असे सांगितले जाते.

संगणक जाळ्यांतील उपयोग

एर्लांग यांच्या काळात संगणक नव्हते. त्यांची कल्पना माहितीच्या जाळ्यांपर्यंत पोहोचली ती प्रामुख्याने लेनर्ड क्लाइनरॉक यांच्यामुळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या पीएचडीच्या संशोधनात त्यांनी रांगेचे गणित संदेशवाहक जाळ्यांना लावले. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो केंद्रात इथरनेटचा जन्म झाला, आणि कालांतराने एका इमारतीतील संगणक एकमेकांना जोडणारा स्विच सर्वत्र आला.

स्विचमध्ये माहिती फ्रेम नावाच्या तुकड्यांतून येते. स्विच प्रत्येक फ्रेमवरील गंतव्य पत्ता वाचतो, कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर आहे याची स्वतः तयार केलेली यादी पाहतो आणि फ्रेम त्या पोर्टकडे पाठवतो. पत्ता यादीत नसेल तर ती ज्या पोर्टवरून आली ते सोडून बाकी सर्व पोर्टांवर पाठवली जाते. बाहेर पडण्याचे पोर्ट व्यग्र असेल तर फ्रेम बफर नावाच्या स्मृतीत थांबते. बफर भरला असेल तर ती टाकून दिली जाते. थांबणे आणि गमावणे या १९१७ च्या दोन्ही परिस्थिती येथे एकाच यंत्रात एकत्र येतात.

पवनीतील एखाद्या कार्यालयात वीस संगणक एका स्विचला जोडलेले असून बाहेर जाणारी वाहिनी सेकंदाला १०० मेगाबिटची एकच आहे, असे समजू. १५०० बाइटची एक फ्रेम या वाहिनीवरून जाण्यास ०.१२ मिलिसेकंद लागतो. सर्व फ्रेम सारख्या लांबीच्या आणि यादृच्छिक क्रमाने येणाऱ्या धरल्या, तर वाहिनी निम्मी व्यग्र असताना सरासरी प्रतीक्षा अर्ध्या फ्रेमइतकी, म्हणजे ०.०६ मिलिसेकंद असते. वाहिनी ८० टक्के व्यग्र झाली की ती दोन फ्रेमइतकी होते, ९० टक्क्यांना साडेचार, ९५ टक्क्यांना साडेनऊ आणि ९९ टक्क्यांना साडेएकोणपन्नास. भार निम्म्यावरून दुपटीच्या जवळ जातो, पण प्रतीक्षा शंभरपटीजवळ पोहोचते. म्हणूनच जाळे कालपर्यंत ठीक होते आणि आज अचानक मंदावले, असा अनुभव येतो.

मोठा बफर बसवून हा प्रश्न सुटत नाही. क्षणिक उसळी त्यात सामावते. परंतु येणारा ओघ जाणाऱ्यापेक्षा सतत जास्त असेल तर बफर कितीही मोठा असला तरी भरतोच, आणि तोवर प्रत्येक फ्रेम उशिरा पोहोचत राहते. दूरध्वनीवरील संभाषणासारख्या कामात उशिरा पोहोचलेली फ्रेम जवळजवळ गमावल्यासारखीच असते.

साध्या स्विचवर रांगांचे नियम वापरणाऱ्याला ठरवता येत नाहीत. मॅनेज्ड स्विचवर ते ठरवता येतात. फ्रेमच्या शीर्षातील तीन बिटांवर प्राधान्याच्या आठ पायऱ्या नोंदवता येतात आणि प्रत्येक पोर्टवर निरनिराळ्या रांगा ठेवता येतात. कडक प्राधान्य लावले तर वरची रांग रिकामी झाल्याखेरीज खालच्या रांगेकडे स्विच पाहत नाही. भारित पाळी लावली तर ठरलेल्या प्रमाणात सर्वांना संधी मिळते. ज्यांनी ट्रंक कॉलचा जमाना पाहिला आहे, त्यांना ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग या तीन वर्गांवरून हे लगेच कळेल. लायटनिंग कॉलवाला लवकर बोलून घेई, पण त्यामुळे तारांची संख्या वाढत नसे. ऑर्डिनरीवाला तेवढा अधिक ताटकळे. प्राधान्याने एकूण प्रतीक्षा नाहीशी होत नाही, ती कोणाच्या वाट्याला जावी एवढेच ठरते. प्राधान्याच्या रांगांचे गणित एर्लांग यांच्यानंतर, १९५० च्या दशकात विकसित झाले.

मर्यादा

एर्लांग यांची सूत्रे स्वतंत्र, यादृच्छिक आगमनावर आधारलेली आहेत. अमेरिकेतील बेलकोर संस्थेत १९८९ पासून पुढे काही वर्षे घेतलेल्या मोजमापांवरून लेलँड, ताक्कू, विलिंगर आणि विल्सन या संशोधकांनी १९९३-९४ मध्ये दाखवून दिले की इथरनेटवरील वाहतूक तशी नसते. दूरध्वनीची गर्दी दीर्घ अवधीच्या सरासरीत सपाट होते. संगणकांची वाहतूक मात्र सेकंदात पाहा वा तासात, तशीच उसळत राहते. त्यामुळे जुन्या सूत्रांनी काढलेला बफर अनेकदा अपुरा पडतो. वर दिलेले प्रतीक्षेचे आकडेही या दृष्टीने किमान अंदाज समजावेत. एर्लांग यांचे गणित यामुळे चुकीचे ठरत नाही, कारण ज्या दूरध्वनी ग्राहकांसाठी ते मांडले होते त्यांना ते चोख लागू पडले. पण ते डोळे मिटून स्विचला लावणे योग्य नव्हे.

व्यक्तिगत जीवन आणि निधन

एर्लांग अविवाहित राहिले. गणित, खगोलशास्त्र व भौतिकशास्त्र यांवरील ग्रंथांचा मोठा संग्रह त्यांच्याजवळ होता. अडचणीत सापडलेल्यांना ते गाजावाजा न करता मदत करीत. त्यांनी गणिती कोष्टकेही प्रसिद्ध केली. सुमारे वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणाची रजा घेतली नव्हती. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना कोपनहेगन येथील रुग्णालयात दाखल करावे लागले. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

स्मृती

१९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरध्वनी सल्लागार समितीने वाहतुकीच्या एककाला एर्लांग हे नाव स्वीकारले. १९४८ मध्ये ब्रॉकमायर, हाल्स्ट्रोम आणि आर्ने येन्सन यांनी त्यांचे चरित्र व निबंधांचे इंग्रजी भाषांतर एकत्र प्रसिद्ध केले, आणि डॅनिश न जाणणाऱ्यांना हे सर्व कार्य खुले झाले. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६ मध्ये सुरू झालेल्या एका संगणकीय आज्ञावली भाषेलाही एर्लांग हे नाव आहे. कंपनीच्या नावाशी असलेले त्याचे साम्य योगायोगाचे नाही, असेही मानले जाते. एरिक्सनने १९९८ मध्ये बाजारात आणलेल्या एएक्सडी ३०१ या स्विचचे नियंत्रण याच भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीने होत असे.