हेलीबरीचे पंतोजी आणि इंदापूरची रयत

पुणें जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यांतील जमिनी एके काळीं ओस पडल्या, त्याचें एक कारण इंग्लंडांतील पाठशाळेंत सांपडतें असें म्हटल्यास वाचकांस अतिशयोक्ति वाटेल. तेव्हां त्या पाठशाळेच्या गुरूचेंच चरित्र पाहूं.

थॉमस रॉबर्ट माल्थस यांचा जन्म १७६६ सालीं सरे परगण्यांत झाला. केंब्रिज येथें गणित शिकून ते पाद्री झाले. मनुष्यजात सुधारत जाईल असें मानणाऱ्या वडिलांशीं झालेल्या वादांतून त्यांचा १७९८ सालचा लोकसंख्येवरील निबंध निघाला. लोकसंख्या अन्नापेक्षां वेगानें वाढते, सबब गरिबांस दिलेली सरकारी मदत त्यांच्याच मुळावर येते, हें त्यांतील अनुमान धनिकांस गोड लागलें यांत नवल नाहीं.

१८०५ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्या भावी मुलकी अंमलदारांच्या कॉलेजांत त्यांस नेमिलें. हेंच पुढें हेलीबरीचें कॉलेज म्हणून गाजलें. ब्रिटनमधील अर्थशास्त्राची पहिली अध्यापकी ती हीच समजतात. म्हणजे त्या शास्त्राची ही अध्यापकी निघाली ती परमुलखाचा सारा वसूल करावयास निघालेल्या पोरांसाठीं!

पीक विकून मजुरी, खर्च व नफा वजा जातां जें उरतें तो खंड, तो जमीनदाराचा. हिंदुस्थानांत कंपनी स्वतःसच जमीनदार समजे. अर्थात् हा खंड साऱ्याच्या रूपानें घेतला तर शेतकऱ्याचें कांहींच जात नाहीं, असें शिष्यांनीं ताडिलें. गुरुजींनीं हा देश कधींच पाहिला नव्हता.

त्या कॉलेजांतून आलेल्या रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनीं पुणें प्रांताची पाहणी करून निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा ५५ सारा ठरविला. तो १८३० च्या सुमारास अमलांत आला. कागदावर हिशेब चोख होता. पण इंदापूरचा कुणबी नफ्यासाठीं भांडवल गुंतविणारा इंग्रज कूळ नव्हता. घरचीं माणसें आणि बैल राबवून तो पोटापुरतें पिकवी. त्याच्या कष्टाची मजुरी कोणत्या भावानें धरावी? मोजणींत कारकुनांनीं लांच खाल्ली, धान्याचे भाव पडले, हेंही खरें. पण मुळांतच जड असलेला सारा त्यामुळें असह्य झाला. कित्येक कुणबी निजामाच्या मुलखांत निघून गेले. अखेर १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट यांनीं दर उतरवून ते ३० वर्षांकरितां कायम केले.

माल्थस १८३४ सालींच बाथ येथें वारले होते. ते अप्रामाणिक नव्हते. आपल्या निबंधाची दुसरी आवृत्ति त्यांनीं स्वतःच पुष्कळ बदलली. त्यांच्या जागीं रिचर्ड जोन्स आले. आशियांतील रयत राजास जें देते तें इंग्रज कुळाच्या खंडाहून निराळें, असें जोन्स यांनीं १८३१ सालच्या ग्रंथांतच मांडलें होतें. इंदापुरास त्याचा उपयोग झाला नाहीं.