डोळ्याचा नंबर सांगणाऱ्या यंत्रामागे कोण? जाणून घ्या हेल्महोल्ट्झ यांच्याविषयी

हनुवटी टेकवून यंत्रात पाहिले की काही सेकंदांत चष्म्याचा नंबर येतो. यंत्र डोळ्यात अवरक्त किरण सोडते आणि आतल्या पडद्यावरून परतणाऱ्या किरणांवरून हिशेब करते. डोळ्यातून परतणारा प्रकाश पाहण्याची रीत डॉक्टरांच्या हाती दिली हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी.

त्यांचा जन्म १८२१ मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम येथे शिक्षकाच्या घरी झाला. ओढा भौतिकशास्त्राकडे होता, पण घरी तेवढे पैसे नव्हते. म्हणून ते सरकारी खर्चाने वैद्यकशास्त्र शिकले आणि त्या बदल्यात लष्करात डॉक्टर झाले.

पुढे क्योनिग्सबर्ग विद्यापीठात शिकवताना त्यांनी एक अडचण सोडवली. डोळ्यात गेलेला प्रकाश आल्या वाटेनेच परततो. तो पाहायला जावे, तर पाहणाऱ्याचे डोकेच उजेड अडवते. त्यांनी मध्ये तिरप्या काचा धरल्या. दिव्याचा प्रकाश काचेवरून वळून डोळ्यात गेला आणि परतलेला प्रकाश काचेतून आरपार त्यांच्यापर्यंत आला. १८५१ मध्ये त्यांनी हे ‘ऑफ्थॅल्मोस्कोप’ प्रसिद्ध केले. तोवर पडद्याचे आजार डॉक्टर अंदाजानेच ओळखत.

नंतर बुबुळावरील पारदर्शक पटलाची गोलाई मोजणारे उपकरणही त्यांनी बनवले. पटलावर उमटणाऱ्या प्रतिबिंबाच्या आकारावरून ते मोजमाप करी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी लेन्सचा नंबर ठरवायला आजही ही गोलाई मोजावी लागते.

१८७१ मध्ये ते बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाले, तेही भौतिकशास्त्राचे. १८९४ मध्ये त्यांचे निधन झाले.