जॉर्ज वेस्टिंगहाउस : आगगाडीस लगाम घालणारा पुरुष

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण एस. टी. च्या गाडीनें शाळेस येत असतील. थांब्यावर बस उभी राहतांना तिच्या खालून फुस्स असा आवाज येतो, तो आपण सर्वांनीं ऐकला आहे. पण तो कशाचा, ह्याचा विचार फार थोड्यांनीं केला असेल. तो दाबून ठेवलेल्या हवेचा आवाज होय. हवेच्या जोरावर धांवती गाडी थांबविण्याची युक्ति ज्या पुरुषानें प्रचारांत आणिली, त्याचें चरित्र आज आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

जॉर्ज वेस्टिंगहाउस ह्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत सेंट्रल ब्रिज ह्या खेड्यांत झाला. पुढें त्यांच्या वडिलांनीं स्केनेक्टडी गांवीं शेतीचीं यंत्रें करण्याचा कारखाना चालविला. जॉर्जचें लक्ष पुस्तकांपेक्षां कारखान्यांतील हत्यारांकडे अधिक असे. अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतां त्यानें प्रथम सैन्यांत व नंतर आरमारांत चाकरी केली. युद्ध संपल्यावर तो कॉलेजांत गेला खरा, परंतु थोड्याच महिन्यांत कारखान्यांत परत आला. १८६५ सालीं, वयाच्या १९ व्या वर्षीं, वाफेच्या एका नव्या एंजिनाबद्दल त्याला पहिलें पेटंट मिळालें.

ह्याच सुमारास एका प्रवासांत दोन मालगाड्यांच्या टकरीचा प्रसंग त्याच्या पाहण्यांत आला. रूळ सरळ होता, दिवस स्वच्छ होता, आणि दोन्ही चालकांना समोरची गाडी दिसलीही होती. परंतु गाड्या वेळेवर थांबवितां आल्या नाहींत. त्या काळीं प्रत्येक डब्याचा ब्रेक हातानें आवळावा लागे. चालकानें शिटी दिली कीं ब्रेकवाले धांवत्या गाडीच्या टपांवरून एका डब्यावरून दुसऱ्यावर जात व चाकें फिरवीत. पावसांत व बर्फांत पाय घसरून कित्येक प्राणांस मुकत. सर्व डब्यांचे ब्रेक चालकाच्या एका हातीं यावे, ह्या विचारानें जॉर्जला घेरलें.

प्रथम त्यानें वाफेचा विचार केला. परंतु लांब नळींत वाफ थंड होऊन तिचें पाणी होतें. इतक्यांत एका मासिकांत आल्प्स पर्वतांतील माँ सनी बोगद्याची हकीकत त्याच्या वाचनांत आली. तेथें दाबलेली हवा नळ्यांतून दूरवर नेऊन तिच्या बळानें खडक फोडीत होते. जी हवा खडक फोडते ती चाकें कां थांबविणार नाहीं? १८६९ च्या एप्रिलांत, २२ वर्षांच्या ह्या तरुणास हवेच्या ब्रेकचें पेटंट मिळालें. पहिल्या परीक्षेच्या वेळीं पिट्सबर्गजवळ रुळावर अकस्मात् एक घोड्याची गाडी आडवी आली व आगगाडी तिच्यापासून थोड्याच फुटांवर थांबली, असें सांगतात.

परंतु ह्या पहिल्या ब्रेकांत एक मोठी उणीव होती. नळी फुटली किंवा डबे सुटले, तर हवा निघून जाई व ब्रेक लागतच नसे. म्हणजे ऐन संकटांतच साधन निरुपयोगी होई. लोक वाहवा करीत असतांही वेस्टिंगहाउस ह्यांनीं आपलेंच काम पुन्हां हातीं घेतलें. १८७२ च्या सुमारास त्यांनीं सर्व रचना उलटी केली. प्रत्येक डब्याखालीं हवेची एक निराळी टांकी व एक झडप बसविली आणि मुख्य नळी सदैव हवेनें भरलेली ठेविली. नळींतील दाब कमी झाला कीं डब्यांचे ब्रेक आपोआप लागत. आतां नळी फुटली तर गाडी थांबे. बिघाड हाच रक्षक झाला! हवेच्या ब्रेकाच्या गाडींत आपण संकटाची सांखळी ओढतों, तेव्हां नळींतील हवाच बाहेर सुटते. आपल्या देशांत दीर्घकाळ निर्वात ब्रेक होता; विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या जागीं हवेचा ब्रेक येऊं लागला.

१८८७ सालीं बर्लिंग्टन येथें ५० डब्यांच्या मालगाडीवर परीक्षा झाली, तेव्हां पुढचे ब्रेक आधीं व मागचे उशिरां लागून डब्यांस भयंकर हिसके बसले. वेस्टिंगहाउस ह्यांनीं अपयश कबूल केलें व कांहीं महिन्यांतच त्वरित चालणारी झडप तयार केली. अखेर १८९३ सालीं अमेरिकेच्या सरकारानें गाड्यांस असे ब्रेक सक्तीचे करणारा कायदा केला. शोध लागून दोन तपें होत आलीं, तेव्हां कोठें गरीब ब्रेकवाल्याच्या जिवाची काळजी कायद्यानें घेतली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

ह्या गृहस्थांनीं रेल्वेच्या सिग्नलांत सुधारणा केल्या, नायगाऱ्याच्या पाण्यापासून वीज करण्याच्या कामीं पुढाकार घेतला, आणि उतारवयांत मोटारींस हिसके बसूं नयेत म्हणून हवेच्या स्प्रिंगाही काढिल्या. आपल्या कामगारांस त्यांनीं १८७१ पासून शनिवारीं अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. १९०७ च्या आर्थिक संकटांत विजेची मोठी कंपनी त्यांच्या हातून गेली. १२ मार्च १९१४ रोजीं, वयाच्या ६७ व्या वर्षीं, ते मरण पावले.

विद्यार्थीमित्रहो, गाडी वेगानें पळविणाऱ्यांचीं नांवें सर्वांस ठाऊक असतात. ती वेळेवर थांबविणाऱ्याचें नांव कोणास आठवत नाहीं. आपल्या कामांतील उणीव दुसऱ्यानें दाखविण्यापूर्वीं आपणच शोधावी व ती दूर करावी, हा ह्या चरित्राचा बोध आहे. उद्यां बस थांबतांना तो फुस्स आवाज ऐकाल, तेव्हां ह्या पुरुषाचें स्मरण करा, एवढीच आमची विनंति.